खोकी पाठवू नका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा नारायण पेठेतल्या एका मंडळाने मदत गोळा करायला घेतली आणि औषधं निवडायला मला बोलावलं. माझं मेडिकलचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. रात्री शटर ओढून गेलो. हॉलच्या एका कोपऱ्यात बिस्किटांचे पुडे, दुसऱ्यात साड्या-चादरी आणि मधोमध औषधांचा ढीग. तीन रात्री आम्ही चौघं तो उपसत होतो.

काय नव्हतं त्यात! कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा, त्यातला तारखेचा तुकडा कुणीतरी आधीच फेकून दिलेला. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, झाकणाभोवती चिकट पाक आणि पाकाला लागलेल्या मुंग्या. फोडलेले डोळ्यांचे थेंब, जे एरवीही महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. डॉक्टरांच्या ड्रॉवरमधून निघालेली फुकटची सॅम्पलं. साध्या कॅरीबॅगेत इन्सुलिनची व्हायल, बर्फ नाही, काही नाही. एक स्टीलचा डबा होता. त्यात रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांच्या पुड्या आणि प्रत्येक पुडीवर बॉलपेनने लिहिलेलं: ‘सकाळी’, ‘जेवणाआधी’, ‘रात्री अर्धी’. देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बाबा गेले, आता दुसऱ्या कुणाला तरी होऊ देत. तो डबा बाद मालात टाकायला हात धजावेना. शेवटी टाकलाच.

एवढं करून उपयोगाची निघाली दोन खोकी. बाकी पोत्यांनी माल नष्ट कसा करायचा, हे नवीनच काम होऊन बसलं.

त्याच आठवड्यात सांगलीच्या एका ओळखीच्या होलसेलरला फोन केला. त्याने यादी सांगितली: पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर आणि मेडिक्लोरच्या बाटल्या, पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन, ओआरएस, सॅनिटरी पॅड आणि जमलं तर सर्पदंशाचं इंजेक्शन. आमच्या एवढ्या ढिगात त्यातली किती निघावीत? ओआरएसची सतरा पाकिटं. बस्स.

हे सगळं आता आठवायचं कारण एक सुदानी विद्यार्थी. पुण्यात सुदानी मुलं नवी नाहीत, आमच्या कॉलेजच्या दिवसांतही कॅम्पात भेटायची. हा आमच्याकडे बी.पी.च्या गोळ्या घ्यायला येतो, स्वतःसाठी नव्हे, इथल्या त्याच्या घरमालकिणीसाठी. त्याच्या गावाकडची युद्धाची आणि कॉलऱ्याची हकिकत कळली तेव्हा आमच्या सोसायटीत लगेच चर्चा झाली आणि ठराव काय, तर औषधांचं एक खोकं पाठवू. मी विरोध केला. (हल्ली ‘खोकं’ या शब्दाला महाराष्ट्रात वेगळाच वास येतो, पण माझा विरोध त्यामुळे नव्हता.) विरोधाचं कारण तिथे दोन वाक्यांत पटवता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं साधं आहे. संकटातली आरोग्यमदत मागणाऱ्याच्या यादीप्रमाणे जायला हवी. आपण ती आपल्या माळ्यावर काय पडलंय ते बघून पाठवतो.

ही सवय फक्त आपली आहे असं नाही. १९९२ ते १९९६ या युद्धाच्या वर्षांत बोस्नियात जगभरातून औषधं येऊन पडली. नंतर हिशेब झाला तेव्हा सुमारे १७,००० टन माल निरुपयोगी ठरला आणि तो नष्ट करायचा खर्च पुन्हा कोट्यवधी डॉलरच्या घरात. त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये वीसेक लाख लोकांसाठी ४,००० टन औषधं आली, त्यातल्या बहुतांश मालावरचं लेबल तिथल्या कुणाला वाचता येईना. रात्रपाळीच्या नर्सच्या हातात परक्या लिपीतली बाटली ठेवली, तर ती मदत की जोखीम? जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच नियम घालून दिले आहेत: माल पोचेल तेव्हा एक्स्पायरीला किमान एक वर्ष शिल्लक हवं, रुग्णांनी परत केलेली औषधं आणि सॅम्पलं चालणार नाहीत, नाव तिथल्यांना कळेल अशा भाषेत हवं, आणि मुख्य म्हणजे, आधी विचारा. किल्लारीच्या भूकंपात रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, ते पाहिलेल्यांना हे नियम वाचायचीही गरज नाही.

आता यादीत काय असतं ते बघा, कारण तिथेच आपली कल्पना चुकते. संकट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो पांढऱ्या कोटातला सर्जन, तंबूतलं ऑपरेशन, रक्ताची बाटली. जखमींना हे लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण निर्वासितांच्या छावण्यांत माणसं मोठ्या संख्येने मरतात ती जुलाबाने, गोवराने, न्यूमोनियाने आणि उपासमारीने. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून लाखो लोक सीमा ओलांडून शेजारच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाला आले. खाली ज्वालामुखीचा खडक, संडासाला खड्डा खणता येईना, पाणी प्यायचं तर समोरच्या किवू सरोवराचं. कॉलरा पसरला आणि पहिल्या महिन्यात जवळपास ५०,००० माणसं गेली. त्यांच्या जिवावर बेतलं ते कुदळीला न जुमानणाऱ्या खडकामुळे आणि क्लोरीनशिवायच्या पाण्यामुळे. म्हणून छावणीत काम करणाऱ्यांचे आकडे अगदी घरगुती असतात: माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, वीस जणांमागे एक संडास, आणि आल्या आल्या मुलांना गोवराची लस.

पुणेकरांना हे समजायला गोमाला जायची गरज नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले. त्या दिवसांत आमच्या व्यवसायात एकच धावपळ, इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल? एकेक इंजेक्शन वीस हजारांच्या घरात, आणि एकाने भागत नाही. माणसं दागिने मोडून ते आणत होती. आणि संशयाची सुई होती पाण्यावर. महापालिकेने खासगी आरओची केंद्रं बंद केली, विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासायला लागली. चिमूटभर क्लोरीन आणि वीस हजारांचं इंजेक्शन, यात आपली नजर कायम इंजेक्शनवर असते. मी औषधं विकतो, तरी हे सांगतोय.

ओआरएसची गोष्टही अशीच. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावण्या भरल्या आणि कॉलरा आला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून घातलेलं पाणी पिंपांतून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आधी शंभरातले तीस जण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. तिथे नवीन डॉक्टर आले नव्हते. आई, काकू, भाऊ हेच कर्मचारी झाले. आपण मात्र त्याच तीन अक्षरांचं काय केलं? गोड सरबतांच्या पाकिटांवर ‘ओआरएस’ छापून इतकी वर्षं माझ्यासारख्यांच्याच काउंटरवरून विकलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला चाप लावला. जुलाब झालेल्या मुलाला जास्त साखरेचं पाणी पाजलं तर जुलाब वाढतात, हे दुकानदाराला ठाऊक नसतं असं समजू नका.

सुदानकडे येतो. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. एक कोटीहून जास्त लोक घर सोडून निघाले. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन राजधानी खार्तूमच्या वीजकेंद्रांवर आदळले. वीज गेली, पाणी शुद्ध करणारी यंत्रं आणि पंप थांबले, लोक नाईलचं कच्चं पाणी हंड्यांनी भरायला लागले, आणि खार्तूमला लागून असलेल्या ओमदुर्मानमध्ये कॉलऱ्याचा भडका उडाला. देशभरात या साथीचे एक लाखाहून अधिक रुग्ण आणि तीन हजारांवर मृत्यू नोंदले गेले. या साखळीत आमच्या सोसायटीचं खोकं नेमकं कुठे बसतं, ते मला कुणीतरी दाखवा.

तो मुलगा ओमदुर्मानचा. त्याची बहीण तिथे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी त्याला विचारलं, तिला काय हवंय? मला वाटलं अँटिबायोटिकचं नाव सांगेल. तो म्हणाला, “अंकल, पगार.” कित्येक महिने पगार नाही, तरी ती जाते. जनरेटरला डिझेल नसतं त्या दिवशी लसीचा फ्रिज बंद. रिक्षाला पैसे नसतात त्या दिवशी ती चालत जाते, नाहीतर जातच नाही. पगार, डिझेल, रिक्षाभाडं ही तिची यादी. यातलं काही खोक्यात भरता येत नाही.

आणखी पश्चिमेला, दारफुरमध्ये, तर यादी याहून लहान होती: रस्ता. एल-फाशर शहराला दीड वर्ष वेढा होता. बाहेर ट्रक उभे, आत अन्न नाही. लोक अंबाज खायला लागले. अंबाज म्हणजे आपली शेंगदाण्याची पेंड, तेल काढून उरलेला चोथा, जो आपण म्हशीपुढे टाकतो. हे वाचलं त्या दिवशी मी जेवताना चटणीची वाटी पुढे ओढली आणि थांबलो. कारण कुपोषित मुलांना जगवणारं जे पाकीट जगभर वापरतात, तेही शेंगदाण्याचंच असतं: शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी नको, मूल बोटाने चाटून खातं. दंडाला गुंडाळायची एक कागदी पट्टी असते, आपल्या अंगणवाडी ताईंकडेही असते. घेर ११५ मिलिमीटरच्या आत आला की पट्टीवर लाल रंग येतो आणि मूल या पाकिटांचं हक्कदार ठरतं. शेंगदाणा पिकवण्यात सुदान जगातल्या मोठ्या देशांपैकी एक. त्याच देशात पाकीट वेशीबाहेर अडकलं आणि पेंड आत खाल्ली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं. तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. सुरक्षा परिषदेने रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध ठराव केला तो मे २०१६ मध्ये, क्रमांक २२८६, अफगाणिस्तानात कुंदुझचं रुग्णालय विमानहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यानंतर काही महिन्यांनी. ठराव झाल्यावर रुग्णालयं सुरक्षित झाली असं मात्र घडलं नाही.

या सगळ्यात टिकून राहिलं कोण? गल्लीतली पोरं. सुदानमध्ये त्यांना ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम’ म्हणतात. आपल्याकडच्या गणेश मंडळाची कल्पना करा, फक्त मांडवाऐवजी सार्वजनिक चूल आणि वर्गणीऐवजी परदेशातल्या नातेवाइकांनी बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवर पाठवलेले पैसे. कुणी बाळंतिणीला दवाखान्यात पोचवतं, कुणी सोलरवर पंप चालवतं, कुणी डाळ शिजवतं. आंतरराष्ट्रीय संस्थांची माणसं निघून गेली तिथेही ही पोरं होती. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवल्यावर त्यांच्या शेकडो चुली विझल्या, त्याच वर्षी त्यांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कारही मिळाला. सन्मान आला खरा, पण त्यावर डाळ शिजत नाही.

आमच्या सोसायटीत दोन आक्षेप निघाले, दोन्ही मला रास्त वाटतात.

एक जोशी काकूंचा. आधी मेळघाट बघा, मग सुदान. काकू चुकीचं बोलत नाहीत. तिथली बालकं आपली जबाबदारी आहेत आणि त्याबद्दल सरकारला रोज विचारायला हवं. पण ‘आधी हे, मग ते’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण ‘हे’ तरी करतात, हे मी काउंटरच्या या बाजूने तीस वर्षं पाहतोय. शिवाय पुणे या व्यवहारात आधीपासूनच आहे. आफ्रिकेत मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या) साथी दर काही वर्षांनी हजारोंचा बळी घ्यायच्या. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, अर्ध्या डॉलरच्या वर किंमत आम्हाला परवडणार नाही. म्हणजे आधी किंमत ठरली, मग त्या किमतीत करून देणारा शोधला गेला. तो सापडला हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लस टोचायला सुरुवात झाली आणि त्या पट्ट्यातला ‘ए’ गटाचा मेनिंजायटिस जवळजवळ नाहीसा झाला. हे दान नव्हतं, धंदा होता. पण यादी मागणाऱ्याची होती, म्हणून तो लागू पडला.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ मध्ये चीनच्या झू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. मागितले होते डॉक्टर, गेले डॉक्टर. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथेच संसार केला आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. हल्ली आठ दिवसांच्या शिबिराला निघणाऱ्यांच्या बॅनरवर त्यांचा फोटो दिसतो, तेव्हा मला थोडं अवघडल्यासारखं होतं. आठ दिवस गेलेल्या डॉक्टरला दुभाषा, गाडी आणि जेवण हे सगळं त्या नर्सनेच पुरवायचं असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. पैसे दिले की कुठे जातात कोण बघतो? खोकं निदान डोळ्यांना दिसतं. मी व्यापारी आहे, बिलाशिवाय एक पट्टीही घेत नाही, त्यामुळे ही शंका मला आपली वाटते. पण खोकं तरी कुठे जातं ते कोण बघतं? खोक्याचा फोटो आपण ते निघताना काढतो, पोचल्यावरचा कुणी मागत नाही. २०१९ मध्ये मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! खोकं दिसतं म्हणून आवडतं, आणि ते ज्यांना दाखवायचं असतं त्यांना तर फारच. पैशाला अडचणी आहेत हे खरं. आपल्या धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेला आयकराची सूट सहसा मिळत नाही, मंजुरी आणायला दिल्लीपर्यंत जावं लागतं. हा नियम पैसा बाहेर पळू नये म्हणून आहे, हे समजतं. पण मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना संकटकाळात पैसे देण्यासाठी एखादी सुटसुटीत वाट सरकारने काढायला काय हरकत आहे? अशी मागणी आमच्या केमिस्ट मंडळींनी करावी, डॉक्टरांनी करावी. त्याऐवजी आम्ही आवाहनाची पत्रकं काढतो, ‘जुनी औषधं द्या’.

यादीच्या मागे आणखी एक गोष्ट असते, भरवसा. पुण्याला ती १८९७ मध्ये शिकायला मिळाली आणि फार महाग पडली. प्लेग आला. रँडच्या कमिटीकडे अधिकार होते, पैसा होता, गोरे सैनिक होते, आणि रोगी वेगळा ठेवायचा हा विचार काही चुकीचा नव्हता. पण सैनिक बूट घालून देवघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी उघड्यावर झाली, सामान रस्त्यावर आलं. लोक रोगी लपवायला लागले. साथ आवरायला आलेल्यांपासून रोगी लपवायचा! जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर यशवंत फुल्यांचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठुंगळी घेऊन तिथे आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या दवाखान्यात मुलाला नेताना मुंढव्याच्या आईबापांनी ते लपवलं नाही. दोन्हीकडे रोग तोच होता. फरक दारात उभ्या माणसाचा होता. २०१९ च्या फेब्रुवारीत काँगोमध्ये कटवा आणि बुटेम्बोची इबोला उपचार केंद्रं जाळली गेली, तेव्हा बाहेरच्या जगाला धक्का बसला. पुण्याला बसायला नको होता.

म्हणून त्या नर्सचा पगार, ती गल्लीतली पोरं, तो ओळखीचा रिक्षावाला, यांच्यावर खर्च करा असं मी म्हणतो. लोक दार त्यांच्यासाठी उघडतात. आणि हे फक्त सुदानसाठी नाही. उद्या कृष्णेला पुन्हा पूर येईल, किंवा माळीणसारखा डोंगर एखाद्या गावावर उतरेल. तेव्हा पुण्याने आधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फार्मासिस्टला फोन लावावा, यादी घ्यावी, यादीत नसेल ते दारातूनच परत करावं. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे.

सोसायटीत शेवटी काय ठरलं? खोकं रद्द झालं, पण एकमताने नाही. अकरा घरांनी पैसे काढले, ते त्या मुलाने त्याच्या मामाच्या मार्फत पाठवले. कायदेशीर वाट याहून बरी असायला हवी होती. तीन आठवड्यांनी त्याने फोन पुढे करून एक पावती दाखवली, अरबीत लिहिलेली, मला त्यातले आकडेच कळले. म्हणाला, डिझेल आहे आणि दोन नर्सचं महिन्याचं रिक्षाभाडं.

काल संध्याकाळी जोशी काकू दुकानात पिशवी घेऊन आल्या. “सुदानला नको तर नको, इथे कुणाला दे.” पिशवीत सहा कापलेल्या स्ट्रिपा, अर्धं मलम आणि काकांचा जुना थर्मामीटर. थर्मामीटर चालू होता, तो ठेवून घेतला.